दुरुस्त न केलेलं कार्ड

मी जन्मलो तेव्हा सुईणीनं 'मुलगी' म्हणून सांगितलं. तिथपासून माझं नि त्या शब्दाचं कधी पटलं नाही. केस आखूड, अंगात शर्ट, दिवसभर गुरांमागं रान. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. ती माझ्या पाठीमागं कुजबुजायची, पण जड कामाला पहिली हाक मलाच मारायची.

नव्वदच्या दशकात मतदार ओळखपत्रं निघाली. फॉर्म भरायला एक मास्तर वाडीवर चढले आणि परतताना उतारावर पाय मुरगाळून बसले. रस्ता कुठला आलाय! बांबूला चादर बांधून डोली केली, चौघांनी उचलली, पुढं मी. मास्तर भलते चिवट. डोलीत पडल्यापडल्या उरलेले फॉर्म भरत होते. मला नाव विचारलं, वय विचारलं. घरातलं हाक मारायचं नाव बाई-बाप्या दोघांना चालणारं होतं, तेच मी सांगितलं. बाकीचं त्यांनी माझ्या खांद्याकडं बघून लिहिलं.

पुढं फोटो निघाले, कार्डं आली. माझ्या कार्डावर लिंग: पुरुष. अहाहा! मी गोठ्यात जाऊन म्हशीला वाचून दाखवलं.

वाडीत मात्र बोंब. माझ्या बापसाचं वय चोवीस, म्हणजे माझ्याहून एक वर्षानं लहान! शेजारच्या काकीच्या नावापुढं तिच्या नवऱ्याचा मिशाळ फोटो. तालुक्याच्या कचेरीत दुरुस्तीचं शिबिर लागलं तशी सगळी निघाली. मी कार्ड भाताच्या कणगीत लपवलं. बापसाला वाचता येत नव्हतं, पण शोधता येत होतं.

"तुझा पन दाखवू," म्हणत त्यानं ते खिशात घातलं. झालं, माझं धाबं दणाणलं. आयुष्यात एका कागदानं मला ओळखलं होतं, आणि आता माझाच बापूस ते खोडायला निघाला होता.

कचेरीत आधी त्याचं वय वाढलं. मग त्यानं माझं कार्ड पुढं केलं. "वाचून दाखवा, सायेब."

कारकुनानं नाव वाचलं, वय वाचलं, 'पुरुष' वाचलं. मागून काकी ओरडली, "अगो बाय, ह्या चुकलाय की!"

"गप गो, आधी तुझ्या मिशा काढून घे," बापूस म्हणाला. रांग खो खो हसली. मला हसू फुटेना.

कारकुनानं पेन उघडलं. "काय बदलायचं?"

"कायच नाय. सरकारनं एकदा तरी कायतरी बरोबर लिवलंय, त्याला हात लावू नका."

मी भर कचेरीत हमसून रडायला लागलो. बापसानं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात घातलं, वरून दोनदा थोपटलं.

"रड रे, खुशाल रड," तो म्हणाला, "पण चालता चालता रड. यष्टी चुकंल."