पाळण्याला लावलेली मोटर

मंडळी, आज दुपारी आमच्या घरात भलताच गोंधळ झाला.

पाळणा हलवून वहिनीचे हात दुखायचे, म्हणून मी त्याला स्टेपर मोटर, म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणारी मोटर, जोडली होती. पण ती धक्के देत खडखडायची आणि लेकरू दचकून रडायचं. आज मोटर चालवणाऱ्या छोट्या चिपवरून, मायक्रोकंट्रोलरवरून, मायक्रोस्टेपिंग सुरू केलं, म्हणजे मोटरचं प्रत्येक पाऊल बारीक तुकड्यांत विभागलं. पाळणा अलगद, बिनआवाज झुलायला लागला. लेकरू झोपलं. वहिनी कितीतरी दिवसांनी गरम चहा प्यायला बसली.

तेवढ्यात शेजारच्या काकू बाळाला पाहायला आल्या.

"अगं माय! जवळ कोणीच न्हाई, मग पाळणा काहून हलून राहिला?" काकू अशा किंचाळल्या, की लेकरू खडबडून जागं झालं.

मोटरचा आवाज मी बंद केला. काकूंचा कसा करायचा, कोणी सांगाल काय?