दिनकरनं आज दोनदा हात दाबला

मंडळी, आत्ताच विश्रामबागच्या दवाखान्यातून आलोय. माझा जुना जोडीदार दिनकर तिथं आयसीयूत आहे. तोंडात नळी आहे, बोलता येत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं कृष्णेत बुड्या मारायचो. शेतावरच्या मोटारीच्या पाइपाची जाळी नदीच्या गाळात रुतली की आम्हाला बोलावणं यायचं. खाली गढूळ पाण्यात काही दिसायचं नाही, म्हणून एकमेकांचा हात धरूनच उतरायचं. एकदा दाबला की ‘हाय मी’. दोनदा दाबला की ‘दम संपला, वर चल’.

"दोनदा दाबल्यावर इचार करायचा न्हाई गड्या, सरळ वर यायचं," असं दिनकरच सांगायचा.

आज मी त्याचा हात हातात घेतला. त्यानं डोळे न उघडताच दोनदा दाबला. थोड्या वेळानं परत दोनदा.

मी एकदाच दाबला. वर कसा आणणार होतो त्याला?

वहिनी पलीकडं उभ्या होत्या. "आवं भावजी, काय म्हणत्यात ह्ये?"

"हाय मी, म्हणतोय," मी सांगितलं.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?