काठ उजव्या हाताला

माझा धंदा मोटारींचा. शेतातल्या विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की ती देवळीत माझ्या दुकानात येते. मी आतली जळकी तांब्याची तार उपसून काढतो आणि नवी भरतो. दिवसभर बसून काम, तोंडाची टकळी चालू, आणि डोक्यात राख घालून घ्यायची जुनी खोड. कुणी म्हटलं, काऊन इतका वेळ लावून राह्यले, की मी उघडी मोटार तशीच त्याच्या हातात द्यायचो. चाळिशीत पोट सुटलं तेव्हा बायको म्हणाली की तुम्हाला राग काही गिळता येत नाही, निदान भात तरी कमी गिळा.

त्याच रागात सायकल घेतली. सायकलीनं पाय मोकळे झाले, मग पळायला लागलो, आणि मग कुणीतरी मोबाईलवर ट्रायथलॉन दाखवलं. एकाच दिवशी, मध्ये न थांबता, आधी तलावात दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. पोहायला एक तास दहा मिनिटं. त्याच्यावर मिनिट गेलं तर सायकलला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, पोहणं तर आपल्याला लहानपणापासून येतं. आपल्या बाबांनी शिकवलंय, विहिरीत.

आमच्याकडे सगळे तसेच शिकतात. पाठीवर तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर बापाच्या हातात. बाबा वरून एकच ओरडायचे, "काठ उजव्या हाताले ठेव!" दम लागला की हात टाकायचा आणि दगड पकडायचा. पुढं डबा सुटला, पण कमरेचा दोर राहिला, आणि मी आपला काठाकाठानं चकरा मारत राहिलो. दोन-दोनशे चकरा. बाबांना पाण्यात मी कधी पाहिलं नाही. वाटायचं, शेतीच्या कामात धोतर कोण ओलं करत बसणार.

दीड वर्ष तयारी केली. पहाटे उठून देवळी ते वर्धा पळालो. एका रविवारी सायकलनं गिरडच्या टेकडीपर्यंत गेलो, शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलली, आणि वर दर्ग्याजवळ एका आजीनं काही न विचारता तांब्याभर पाणी हातात दिलं. खाली सगळा मुलूख पसरलेला, कपाशीचे आणि सोयाबीनचे तुकडे, आणि त्यातून जाणारा एक रस्ता, त्याच रस्त्यानं मी आलो होतो. बाप्पा, एवढं आपल्या या दोन पायांनी केलं? मी खरंच पायांकडे पाहिलं. परतताना ऊन डोक्यावर आलं, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि शेवटचे पंधरा किलोमीटर एका टेम्पोत सायकल टाकून आलो. अशा गमती पुष्कळ झाल्या. पण पोहण्याची फिकीर मी एक दिवसही केली नाही.

आणि तिथंच माती खाल्ली. पहिल्या शर्यतीत तलावात उतरलो आणि दहाव्या मिनिटाला नावेवरचा माणूस शिट्टी मारत आला. म्हणाला, दादा, कुठं निघाले, बोया तिकडं आहे. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा नारिंगी फुगा, त्याला वळसा घालून यायचं असतं. मी वळलो. थोड्या वेळानं पुन्हा शिट्टी. पाच वेळा त्या माणसानं मला वळवलं. बाहेर आलो तेव्हा घड्याळात एक तास एकवीस मिनिटं झाली होती. शर्यतवाल्यांची एक मुलगी वाकली आणि माझ्या घोट्यावरचा वेळ मोजायचा पट्टा सोडायला लागली. मी तिच्यावर असा खेकसलो की तिचे हात थांबले. ती बिचारी सॉरी म्हणाली. तिची काय चूक होती? अजून आठवलं की मला लाज वाटते.

घरी येऊन सायकल भिंतीला टांगली. दोन महिने कुणाशी धड बोललो नाही.

मग एका तलावाकाठच्या शेतात मोटार बसवायला गेलो. आमच्यापासून तासाभरावर हा सिंचनाचा तलाव आहे. काम झालं, उकडत होतं, पाणी समोर होतं. उतरलो. बाहेर आलो तर काठावर एक बाई जाळं साफ करत बसलेली. ढिवराच्या घरची, साठीला टेकलेली, नऊवारीचा काचा मारलेला. ती जाळ्यावरून नजर न उचलता म्हणाली, "भाऊ, तुम्ही इहिरीत शिकले का पोहणं?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ती म्हणाली की तुम्ही सारखे डाव्या हाताले वळून राह्यले, उजवीकडचा काठ सोडून राह्यले नाई. काठ इथं हायेच कुठं?

मी तिथंच ओल्या अंगानं मटकन बसलो. दीड वर्ष तयारी केली, पाच शिट्ट्या खाल्ल्या, आणि कारण हे. माझ्या अंगात तीस वर्षं ती विहीर होती आणि मी समुद्राएवढ्या तलावात तिच्याच चकरा मारत होतो.

आता शहाण्या माणसानं हसून सोडलं असतं. मी तडक शेतावर गेलो. बाबा बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी म्हटलं की तुमच्या त्या काठ काठ करण्यानं माझी शर्यत गेली, एवढं शिकवलं तर सरळ पोहायलाही शिकवायचं होतं. अजून बरंच बोललो. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "चुकलं असन बाप्पा माहं." मी चहा न घेता निघून आलो.

पुढच्या रविवारी पुन्हा तलावावर गेलो. त्या मावशीला म्हटलं, मला सरळ जायला शिकवा. ती म्हणाली की मले काय शिकवता येते, माह्यासंगं चाला अन् पाहा. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून तिनं तराफा केला होता, त्यावर ती बसली आणि हातानंच वल्हवत निघाली. मी बाजूनं पोहत होतो. काठ लांब राहिला. चारी बाजूंनी नुसतं पाणी, एकसारखं, कुठं काही खूण नाही. एका जागी ती थांबली, मान फिरवून एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि हात पाण्यात खांद्यापर्यंत घातला. वर काढला तर हातात दोर. दोराला जाळं. जाळ्यात मासे.

मी थक्क झालो. जाळ्यावर वर काही बांधलेलंच नव्हतं. ती म्हणाली की वर डबा बांधला तं लोक जाळं घेऊन जातात, म्हणून ते बुडवूनच ठेवा लागते. मग सापडतं कसं? तिनं बोट दाखवलं. काठावर पाण्यात उभी एक वाळकी बाभूळ होती आणि तिच्या मागं, दूर, देवळाचा झेंडा. बाभळीवर झेंडा बरोबर बसला पाहिजे. दुसऱ्या बाजूला एक खडक, त्याच्या मागं विजेचा मनोरा, तोही बरोबर बसला पाहिजे. दोन्ही बसले की खाली जाळं.

"एक खूण पाहान तं फसान भाऊ," ती म्हणाली. "तिच्याकडं पाहत पाहतच मानूस वाकडा जाते. दोन पाहा, एकीच्या मागं एक. मागची बाजूले निघाली का समजा, आपन बहकलो."

मी आयुष्यभर तार मोजतो, वेढे मोजतो, वीज मोजतो. या बाईनं अख्खा तलाव चार खुणांनी बांधून ठेवला होता आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती मासे काढून टोपलीत टाकत होती. मी पाण्यात हात जोडले. ती म्हणाली, हात काऊन जोडून राह्यले, बुडान ना.

आठ महिने तिच्या तलावात पोहलो. आधी दर दहा हातांनी डोकं वर काढून पाहायचो, तर झेंडा बाभळीच्या हातभर बाजूला निघालेला. शिव्या घालायचो, झेंड्याला, बाभळीला, स्वतःला. हळूहळू तो हातभराचा वीतभर झाला. एका सकाळी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत झेंडा बाभळीवरून हललाच नाही, आणि मी चिखलात उभा राहून वेड्यासारखा हसलो.

दुसऱ्या वर्षी त्याच शर्यतीत त्याच पाण्यात उतरलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. बोयाच्या मागं टेकडीची एक खाच होती, ती धरली. बोयावर खाच, खाचेवर बोया. पहिला वळसा झाला, शिट्टी नाही. परतीला सूर्य थेट डोळ्यांत आला आणि बोयाच दिसेना. आजूबाजूला लोक भलतीकडं भरकटत होते. माझा उजवा हात आपोआप काठ शोधायला लागला. मी थांबलो, श्वास घेतला, आणि उजेडाच्या कडेला एक ताडाचं झाड आणि त्याच्या मागं पाण्याची टाकी सापडली. त्यांचं एकमेकांतलं अंतर तेवढंच ठेवत हात मारत राहिलो. पायाला वाळू लागली तेव्हा एक तास पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं हातात होती. सायकल आणि पळणं मग रडतखडत, पोटऱ्या धरत, पण झालं. शेवटच्या रेघेवर बायको उभी होती. ती म्हणाली, लवकर चला, चप्पल चावून राह्यली मले.

पदक घेऊन शेतावर गेलो. बाबा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वय, कानाला कमी ऐकू येतं. त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "यंदा सरळ गेला का?"

गेलो, म्हटलं.

"बरं झालं. मले सरळ शिकवता येत नव्हतं." मग त्यांनी विहिरीच्या तोंडाभोवती बोट फिरवलं. "तुह्या कमरेचा दोर माह्या हातात राहे. तू खाली फिरे, मी वरून फिरो. मधात गेला असता तं मले कुठून येता आलं असतं? मले कुठं पोहता येते."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नाई येत, कधीच नाई आलं, आमच्या बाले भीती होती, त्यानं उतरूच नाई देल्लं.

दोनशे चकरा. मी खाली गार पाण्यात, आणि हा माणूस वर तापल्या दगडावरून, अनवाणी, दोर हाताला गुंडाळून दोनशे चकरा. आणि मी याच माणसाला इथंच येऊन बोललो होतो.

मी म्हटलं, "बाबा, अन् दोर तुटला असता तं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारायचं झालं.

"तं उडी टाकली असती."

मग ते पदक त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलं आणि मोटार चालू करायला उठले, कारण लाईन यायची वेळ झाली होती.