डाग न दिसणारं कापड

मोटारीच्या सीटच्या कापडावर नक्षी काढण्यात मी तज्ज्ञ आहे, असं आमच्या घरात फक्त मलाच वाटत असे.

तेव्हा महाड–पोलादपूर रस्त्यावर बाबांची उतारूंची सर्व्हिस मोटार धावायची. तिच्या सीटांना नवं कापड विणून घ्यायचं ठरलं आणि मुंबईला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसून आलेल्या (पास झालो असं म्हणत नाही!) माझ्या अंगात विश्वकर्मा संचारला.

"डाग दिसता कामा नये," एवढंच बाबा म्हणाले. मी सखोल अभ्यास केला! धुळीसाठी तपकिरी, पानाच्या पिंकेसाठी लाल, आमरसासाठी पिवळा आणि वळणांवर उलटी होणाऱ्यांसाठी तिन्हींचं मिश्रण. कापड मागावरून आलं तेव्हा आई म्हणाली, "नवं असून मळकं दिसतंय रे!" मला ती स्तुती वाटली.

त्याच आठवड्यात सुमनताईला बघायला महाडहून आमच्याकडे पोलादपूरला पाहुणे यायचे होते. ताईने मुलाला बाजारात आधीच पाहून पसंत केलेलं. हे स्थळ हातचं गेलं तर ती जन्मात कोणाशी बोलली नसती. पाहुण्यांना आणायला मीच गेलो. मुलाचे वडील तात्या परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. त्यांना मी मानाने पुढच्या सीटवर बसवलं.

"कापडाची नक्षी कोणाची?"

"माझीच! काहीही सांडू द्या, दिसणार नाही!"

"ओलसर लागतंय हो."

"नवं आहे ना, थंड लागतं!"

पोलादपूरला तात्या उतरले आणि सगळा स्टँड वळून त्यांच्या पाठीकडे बघायला लागला.

"अगो बाय, पावन्याला लागलं काय गो?" एक बाई किंचाळली. धोतर मागून लालभडक!

"लागलं नाय," आमचा कंडक्टर गणू म्हणाला. "सकालच्या फेरीला थयं रातांब्यांची पाटी व्हती, त्या कोकमांचा लाल रस गळला. म्यां पुसाया गेलो, पन डाग कुठं हाय त्येच गावंना!"

तात्यांनी वळून सीट पाहिली. सीट स्वच्छ!

घरी ते बाबांचं धोतर नेसून बसले. पोहे गार झाले तरी तात्यांनी बशीला हात लावला नाही. ताईचा चेहरा पाहून मला रडू यायला लागलं.

अखेर तात्या म्हणाले, "मुलगी पसंत आहे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर मनात नवरदेवाच्या शेल्याची नक्षीसुद्धा काढायला घेतली (हळदीसाठी पिवळा!).

"पण एक अट," तात्या पुढे म्हणाले. "बस्त्याच्या खरेदीला हा मुलगा दुकानाची पायरी चढणार नाही."

बाबा विचारात पडले. आई माझ्याकडे बघायला लागली. एवढ्यात, सकाळपासून मान खाली घालून बसलेली आमची लाजरी ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "मान्य आहे!"