फक्कीच्या रेघेवरचं लांब पाऊल

मी तोंडाची फटकळ. आमच्या तळेगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाजीवाली असो, शेजारीण असो, की आमचे हे असोत, मनात आलं की बोलून मोकळी. आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि नेमकं तेव्हाच बोलायला हवं होतं.

परसात एक खोली बांधायची होती. थोरल्याचं लग्न ठरलं होतं, घरात सून यायची होती. पाया खणायला भाजे गावचा एक मुकादम मिळाला. त्याची घरची भातशेती. कापणी, झोडणी आटोपली की धाकटा भाऊ, बायको आणि चार गडी घेऊन मळवलीहून गाडीने यायचा. काम चोख. पण मेलं त्याचं एक खूळ होतं. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, फक्कीची पांढरी रेघ मारून झाली तरी तो कुदळ लावायचा नाही. आधी घरच्या माणसाने त्या रेघेवरून अनवाणी चालून दाखवायचं.

"वैनी, खाली काय हाय त्ये घरच्यालाच ठावं असतं," तो म्हणाला. "जुना आड म्हना, धान्याचं पेव म्हना, बुजवलेली मोरी म्हना. तुमी चालाल तितंच माझी मानसं कुदळ घालतील."

आता खाली काय होतं ते सांगते. परसाच्या कोपऱ्यात जुना आड होता. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी प्लेग आला. सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. परत आलो तर आडात मेलेले उंदीर तरंगत होते. सासऱ्यांनी आडाच्या तोंडावर फळ्या टाकल्या, वर माती लोटली आणि "सावकाश बुजवू" म्हणाले. ते सावकाश काही उजाडलं नाही. कुणाजवळ बोलायचं नाही, एवढं मात्र आम्हाला बजावून गेले. वीस वर्षं झाली, तरी प्लेगचं नाव काढलं की माणसं अजून चार पावलं मागे सरत.

"सांगून टाक त्याला," आमचे हे म्हणाले.

"सांगा, आणि उद्यापासून खणा तुम्हीच!" मी उसळले. "एक गडी इकडे फिरकायचा नाही. आणि पाया काही आडावरून जात नाही. हातभर बाजूने जातोय."

ते मास्तर माणूस, वाद नको म्हणून पगडी घालून शाळेत निघून गेले. रेघेवर चालायची पाळी माझ्यावर आली.

पदर खोचून मी चालले. कोपऱ्याशी आले आणि पाय आपोआप अडला. रेघ आडाला चाटूनच गेली होती, आणि वीस वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. चिखल असावा तशा मी निऱ्या उचलल्या आणि लांब ढांग टाकून पलीकडे गेले. मुकादम बघत होता.

"खाली काय न्हाई न्हवं, वैनी?"

"काही नाही. करा सुरू."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मुकादमाची बायको मुरमाची भरली पाटी डोक्यावर घेऊन त्या कोपऱ्यावरून चालली होती. मी सुपातले तांदूळ पाखडायला मान खाली घातली, एवढ्यात फळी मोडल्याचा आवाज झाला. वर पाहिलं तर पाटी पालथी पडलेली, आणि बाई नव्हती. तशातही तोंडातून काय निघालं? "अगं बाई! इथं आड होता?" सगळ्यांच्या देखत म्हणाले मी हे. त्या शब्दांची आजही शरम वाटते.

धाकटा भाऊ कमरेला दोर बांधून उतरायला निघाला, तर मुकादमाने त्याला दंड धरून मागे ओढलं. "आदी कंदील," म्हणाला. कंदील खाली सोडला. ज्योत मिणमिणली आणि विझली. खालून कण्हणं ऐकू येत होतं. स्वतःची बायको खाली कण्हतेय, आणि हा माणूस भावाला उतरू देईना! लिंबाचे डहाळे तोडून दोराला बांधले आणि खालची कोंडलेली हवा वर यावी म्हणून ते खालीवर, खालीवर घुसळत राहिला. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मी देवापुढे हात जोडून एकच म्हणत होते, हिला जगू दे, मी सगळं कबूल करीन. पुन्हा कंदील सोडला. या वेळी ज्योत टिकली, तेव्हाच भाऊ उतरला.

तळाशी गाळ होता म्हणून ती जगली. पण खुबा मोडला तो मोडलाच. पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर चढली नाही, आणि लावणीला तिला वाकता येईना. भातशेतीच्या घरात त्या बाईचे दिवस कसे गेले असतील ते माझं मला कळतं.

महिन्याभराने मुकादम एकटाच आला. आड बुजवायला.

"उगडा टाकून कसं चालंल?" म्हणाला. "लेकराबाळांचं घर."

दगड, मुरूम, पाणी, वर धुमसाचे ठोके, असा थरावर थर देत दोन दिवस खपला. दुसऱ्या दिवशी मी चहाची किटली घेऊन परसात गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. कबूल केलं होतं ना देवाला! तोंड उघडणार, तोच तो बोलला.

"वैनी, चूक माझी हाय. तुमी हितं पाऊल लांब टाकलंत, त्ये म्या पायलं हुतं. तवाच पहार घालून बघाया पायजे हुतं. पर तुमी न्हाई म्हनलात. म्हनलं, मास्तरांच्या घरचं मानूस कशाला खोटं बोलंल? माझ्या मनात शंका आली त्येचीच मला लाज वाटली, म्हून गप बसलो. कारभारनीला सांगितलं ह्ये. ती म्हनली, वैनीस्नी बोल लावू नगा, त्यास्नी काय ठावं."



"कप इकडे करा," मी म्हटलं, आणि त्याला आणखी चहा ओतला.