एफिझिया लोद्दो आणि चुंबकांची टोपी

एफिझिया लोद्दो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसत होती, आणि त्यातली शेवटची सात वर्षं बसण्यापेक्षा उठतच जास्त होती. इटलीच्या सार्डिनिया बेटावर, नुओरो शहराच्या वरच्या अंगाला डोंगरात वसलेल्या त्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गावाला दुसरं कामच काय?

दुखणं मल्टिपल स्क्लेरोसिसचं. मज्जातंतूंवरचं आवरण शरीरानं स्वतःच कुरतडत सुटायचं, अशी त्याची तऱ्हा. सार्डिनियात हे दुखणं इतकं, की गल्लीत कुणाच्या हातात काठी दिसली तर लोक आपसूक वाट देतात. काठीला मान आहे. एफिझियाकडेही काठी होती आणि तिच्याकडे बघून बायका हळहळायच्या. पण मूत्राशयासाठी कोण हळहळणार? ते नको तेव्हा घाई करायचं आणि धापा टाकत दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात पोचलं की रुसून बसायचं. दहा मिनिटं नळ सोडून आळवणी केली तरी अर्धंच रिकामं व्हायचं. खिडकीत येऊन टेकते न टेकते तोच पुन्हा बोलावणं.

संडास खरं तर तळमजल्यावरही होता. त्यात नगराध्यक्षांनी उत्सवाच्या पताका आणि निवडणुकीत उरलेले स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याचे फलक कोंबले होते. लिफ्ट तीन वर्षं दुरुस्तीतच होती. शेजारच्या खिडकीतला बाझिलियो मात्र फेऱ्या बिनचूक मोजायचा. त्याच्या हातून बिनचूक होणारं एवढं एकच काम.

"सातवी खेप, एफिझिया! वरती कुणी ठेवलाय की काय?"

"ठेवलाय ना. तुझ्यापेक्षा जास्त काम करतो, म्हणून बघायला जाते."

रांगेतली माणसं खदखदायची. एफिझिया ताठ मानेनं जिना चढायची आणि वरती कडी लावली की मुठी आवळून रडायची.

एका सप्टेंबरात बेटाच्या राजधानीतून, कालिअरीच्या मोठ्या दवाखान्यातून पत्र आलं. या दुखण्यात ज्यांचं मूत्राशय ऐकत नाही अशा बायकांच्या मेंदूला चुंबकानं चेतना देऊन बघायची होती. दोन आठवड्यांत दहा बैठका. एफिझिया भावाच्या घरी राहायची. भावजय अंतिओकानं पत्र दोनदा वाचलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"वन्सं, दुखणं खाली नि इलाज वरती? आणि त्या चुंबकानं डोक्यातलं सगळं पुसलं गेलं तर?"

"बरंच होईल वहिनी. तुमच्या माहेरचे लोक तरी विसरेन."

अंतिओका पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. निघायच्या दिवशी मात्र तिनंच प्रवासासाठी चीज आणि पातळ कुरकुरीत भाकऱ्या बांधून दिल्या.

भाऊ गाडीनं घेऊन गेला. वाटेत चार ठिकाणी थांबावं लागलं. गिऱ्हाइकानं कॉफी घेतल्याशिवाय संडासाची किल्ली द्यायची नाही, हा आमच्याकडच्या बारवाल्यांचा, म्हणजे कॉफीच्या दुकानवाल्यांचा धर्म. आणि कॉफी प्यायली की पुढच्या गावात पुन्हा बार शोधणं आलंच. कालिअरीला पोचेपर्यंत एफिझियाच्या पोटात चार कॉफ्या होत्या आणि छाती धडधडत होती. नर्सनं नाडी बघितली आणि म्हणाली, "घाबरलात का?" एफिझिया म्हणाली, "नाही, चार वेळा मुतले."

प्राध्यापक देलोगू मोठे विद्वान. समोर बसलेल्या बाईपेक्षा तिच्या मेंदूच्या चित्राशी त्यांची ओळख जास्त. पाच विद्यार्थ्यांसमोर ते पडद्यावर कांडी फिरवत होते.

"ही केस फार रोचक आहे. मूत्राशयाला हुकूम देणारे मेंदूतले हे भाग सुस्तावलेत आणि हे दुसरे उगाच आरडाओरडा करतायत. आपण सुस्तांना जागं करू, ओरडणाऱ्यांना गप्प करू. समजलं ना, बाई?"

"समजलं. एवढं झालं की आमच्या नगरपालिकेतही या. तिथं अख्खी इमारत तशीच आहे."

विद्यार्थी हसले. प्राध्यापकांनी ते कागदावर टिपलं. बहुधा 'मनःस्थिती उत्तम' असं.

टोपी पोहणाऱ्यांच्या टोपीसारखी होती आणि तिच्यावर चुंबकं बसवलेली. रोज चाळीस मिनिटं ती घालून पडून राहायचं. डोक्यात कुणी अक्रोड फोडावेत तसा आवाज. दुखत नव्हतं. पाच दिवस काहीच झालं नाही. एफिझियाला वाटलं, एवढा मोठा घाट, एवढी विद्वान माणसं, आणि शेवटी आपलं कपाळ ते आपलंच. सहाव्या दिवशी सकाळी ती संडासात बसली आणि नळ सोडायच्या आतच काम झालं. ती तशीच बसून राहिली. मग एकटीच हसत सुटली.

शेवटच्या दिवशी मोजमाप झालं. आधी जेवढं आत साचून राहायचं त्याच्या निम्मंच आता राहत होतं. प्राध्यापक हरखले.

"आता तुमचं जगणं कसं वाटतंय? एक ते दहात सांगा."

"जगणं तेच आहे हो. मुतायचे किती गुण द्यायचे ते विचारा."

प्राध्यापक पुढच्या केसकडे वळले. नर्स मिरेल्लानं मात्र एफिझियाला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"टोपीचा गुण टिकेल तेवढा टिकेल. उरलेल्या निम्म्याचं काय? ही बघा, वीतभर नळी. दिवसातून दोनदा आपल्या हातानं घालायची, रिकामं व्हायचं. तुम्हाला कुणी दाखवली नाही?"

"सात वर्षांत कुणी नाही."

"लाजतात," मिरेल्ला म्हणाली. "मोठे डॉक्टर ना!"

शिकायला पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांनंतर एफिझिया जिन्यात उभी राहिली आणि तिला इतका राग आला की काठी भिंतीवर आपटली. राग चुंबकाचा नव्हता, वाया गेलेल्या सात वर्षांचा होता.

ऑक्टोबरात भाचीनं चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला, त्या कम्युनियनचं जेवण झालं. आमच्याकडे असं जेवण सहा तास चालतं. भाजलेलं डुकराचं पिल्लू येईपर्यंतच चार तास गेले. एफिझिया फक्त एकदा उठली. अंतिओका सगळ्या टेबलांवर सांगत फिरली, "मी नवस बोलले होते! संतानं ऐकलं!"

"वहिनी, संतानं टोपी घातली होती का?"

"वन्सं, टोपी कुणी बनवायला लावली?"

 एफिझियानं वहिनीच्या ताटातला पिल्लाचा कुरकुरीत कान उचलला आणि खाल्ला.

फेब्रुवारीत गुण ओसरू लागला. तिनं दवाखान्यात फोन केला. प्राध्यापक परदेशात परिषदेला गेले होते, तिच्याच मेंदूची चित्रं घेऊन. मिरेल्लानं खटपट करून एप्रिलची तारीख मिळवून दिली. दुसऱ्या खेपेला पहिल्याइतका फरक पडला नाही, पण पडला. एफिझिया आता वर्षातून एकदा कालिअरीला जाऊन टोपी घालून येते, पर्समध्ये नळ्यांचं पाकीट ठेवते, आणि ज्या बाईच्या हातात नवी काठी दिसेल तिला गाठून, आडपडदा न ठेवता, भर चौकात विचारते, "आणि मुतायचं कसं काय चाललंय?" निम्म्या बायका लाजून पळतात. उरलेल्या तिच्याबरोबर बाकावर बसतात.