मोठ्या बाईंचा तांब्या

आमच्या मोठ्या बाई जितक्या रागावायच्या तितकं अख्खं लातूर मिळूनही रागावलं नसेल. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सरकारी हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. त्या खडूवर रागावत, कारण तो मोडतो. फळ्यावर रागावत, कारण तो काळा राहत नाही. आमच्या शाळेला कुणी ‘हमालांची शाळा’ म्हटलं तर मात्र त्यांचा नूरच पालटे. शाळा आडत बाजाराच्या मागे होती, आम्ही पोरंही बहुतेक हमालांची आणि तेलगिरणीतल्या कामगारांचीच होतो, तेव्हा म्हणणारा काही खोटं बोलत नसे. पण बाईंना त्यातला सूर कळायचा. एरवी त्यांचं मराठी पुस्तकातलं, पण राग चढला की त्या थेट आपल्या माहेरच्या औशाला जाऊन पोचत. “हमालांची हाय, तर काय झालं? त्यांनी पोती उचलली न्हाईत तर तुमच्या घरी डाळ कोण आणंल?”

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. एकदा भूगोलाच्या तासाला खिडकीत एक ढग आला आणि सगळा वर्ग मान वळवून बघायला लागला. बाईंनी खिडकीबाहेर छत्री उगारली आणि ढगालाच सुनावलं, “यायचं तर ये, न्हाईतर नीघ. लेकरांचं ध्यान कशाला उडवायलास?” तो गेला. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही, त्यांच्यापुढे कोण टिकायचं! गल्लीत टँकर यायचा तो नेमका गणिताच्या तासाला, आणि अर्धा वर्ग घागरी घेऊन रांगेत. बाई एक दिवस रांगेतच जाऊन उभ्या राहिल्या आणि टँकरवाल्याला खाली उतरवून म्हणाल्या, “तुला गणित आलं न्हाई म्हणून माझ्या पोरांनाबी येऊ द्यायचं न्हाई, आसं ठरवलंस का?” दुसऱ्या दिवसापासून टँकर शाळा भरायच्या आधी यायला लागला.

शाळेच्या नळाला तर पाणीच नव्हतं. व्हरांड्यात दोन रांजण होते आणि बाईंचा नियम होता, जो पिणार त्यानं घरून तांब्याभर आणून रांजणात ओतायचं आणि मगच वर्गात जायचं. एखाद्या घरात त्या दिवशी पाणीच नसलं तर ते पोर रिकामा तांब्या घेऊन येई, रांजणावर पालथा धरी आणि आत जाई. बाई तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत. त्या स्वतःही रोज पितळी तांब्या पदराखाली झाकून चालत आणायच्या आणि आमच्यामागे रांगेत उभ्या राहायच्या.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. गावभर गुलाल उडाला, बाईंनी स्वतः आम्हाला पेढे वाटले. “आता बारक्या कामाला उस्मानाबाद गाठायला नको,” म्हणत त्या चक्क हसल्या. ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. नव्या जिल्ह्याच्या एका खात्याला जागा हवी होती. एका सकाळी ट्रकमधून लोखंडी कपाटं उतरली आणि आमच्या तीन खोल्यांत जाऊन बसली. त्यातली एक आमच्या दहावीची. बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष आणि आम्ही लिंबाच्या झाडाखाली, सावली सरकेल तसे सरकत. गावात मोठाल्या संस्थांच्या शाळा होत्या, रिकामी गोदामं होती. तिकडे कुणी फिरकलं नाही. तिथल्या पालकांनी जाब विचारला असता, आमचे बाप पोती उचलत होते. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

बाई वरच्या कचेऱ्यांत गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. “तात्पुरतं आहे” एवढंच उत्तर. मग एका दुपारी त्यांनी पाहिलं की खात्याचा शिपाई आमच्या रांजणातलं पाणी घेऊन हात धुतोय आणि साहेब शेजारी उभे राहून ग्लासनं पिताहेत.

“साहेब, तुमचा तांब्या कुठंय?”

“कसला तांब्या?”

“हितं पिणाऱ्यानं घरून आणायचा आसतो. माझी लेकरं लाईनीत उभं राहून आणायलीत.”

“बाई, आम्ही जिल्ह्याचं काम करतोय.”

“अन् ही लेकरं काय दुसऱ्या जिल्ह्याची हायत?”

दुसऱ्या दिवसापासून बाई छत्री घेऊन रांजणापाशी खुर्ची टाकून बसल्या. कारकून मुकाट्यानं तांब्या घेऊन आमच्या रांगेत उभे राहू लागले. साहेबांनी शिपायाच्या हाती पाठवला, तो परत गेला. “पिणाऱ्यानं आणायचा!” शेवटी साहेब स्वतः आले, गळ्यात आपल्या मुलाची निळी वॉटरबॅग अडकवून. बाजारातले हमाल कुंपणाशी येऊन बघत होते, त्यांत माझे वडीलही होते. ते घरी येऊन इतके हसले की आईला वाटलं, ऊन लागलं.

आणि काय चमत्कार, लगेच त्या खात्याला बाजारातलं एक गोदाम सापडलं. कपाटं गेली, आम्ही खोलीत आलो. पाठोपाठ बाईंची बदली आली, इस्लापूरला, पार किनवटच्या जंगलाकडे. ‘तिथं धबधबा आहे, बाईंची पाण्याची सोय झाली,’ असं गावातली शहाणी माणसं म्हणाली. मला त्या शहाण्यांचे दात पाडावेसे वाटले होते.

जायच्या दिवशीही बाई पितळी तांब्या घेऊन आल्या. तो रांजणात ओतला, पदरानं पुसून पिशवीत ठेवला आणि बसकडे निघाल्या. मी तास सोडून धावले. “बाई, घोटभर पिऊन तरी जा.”

“तू हितं काय करायलीस?” त्या खेकसल्या. “वर्गात जा. आता वर्ग हाय न्हवं!” डोळे मात्र त्यांनी दुसरीकडे वळवले होते, रिकाम्या तांब्याच्या वेळी वळवायच्या तसे.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातलं कुणीच त्या रांजणाला शिवलं नाही. शाळा सुटताना मात्र सगळे प्यायलो. पाणी तसंच पडून राहिलं असतं, तर बाई रागावल्या असत्या.